सापाच्या पेटीतील ऊब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत व इंग्लंडात बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक घरी पाळण्याचा शौक आता चांगलाच रूढ झाला आहे. तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरात मुलांनी तोच हट्ट धरला, तर पेटीखाली लावावयाच्या विजेच्या हीट मॅटविषयीचे काही समज आधीच दूर झालेले बरे. (इकडील नाग-धामणींना हे विवेचन कोणी लागू करू नये, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते साप घरी ठेवण्यास मनाई आहे.)

साप शीतरक्ताचा, सबब त्याला जितकी ऊब द्यावी तितकी थोडीच, हा पहिला समज. वस्तुतः साप उष्ण जागेतून शीतल जागेत सरकून आपले तापमान राखतो, आणि ही मुभा त्याला मिळावी म्हणूनच मॅट तळाच्या सुमारे एक-तृतीयांश भागापुरती, एकाच टोकाला असावी. बॉल पायथनला उष्ण टोकाशी सुमारे 32 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाशी 25-26 अंश पुरतात.

दुसरा समज अधिक घातक: मॅट अवघी दहा-पंधरा वॅटची, ती काय भाजणार, आणि भाजलीच तर साप आपण होऊन दूर होईल! वॅटचा आकडा वीज किती खर्च होते एवढेच सांगतो. उष्णतेला बाहेर पडण्यास वाट नसेल, तर तापमान कोठे थांबेल याची हमी तो देत नाही. शिवाय अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असूनही, पोटाखालची जमीन पोळत असता हेच प्राणी तेथे पडून राहतात, खवले प्रथम लालसर होतात, मग फोड येतात, आणि पोटाकडे सहसा कोणी पाहत नसल्यामुळे मालकाला पत्ता लागतो तो उशिरा. म्हणून मॅटचे तापमान ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट हवाच. त्याची संवेदक तार पेटीत मोकळी सोडली, तर सापाच्या वेटोळ्याने ती ढकलली जाते किंवा पाण्याचे भांडे तिच्यावर कलंडते, आणि गार पडलेल्या तारेवर भरवसा ठेवून यंत्र मॅट तापवीतच राहते. तार बाहेरून, पेटीच्या तळाची काच आणि मॅट यांच्यामध्ये पक्की बसवावी. आत अंथरलेला भुसा बाजूला सारून काचेचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने पाहावे, आणि त्या मापानुसार थर्मोस्टॅटचा आकडा ठरवावा. बाजूच्या काचेवर चिकटवलेल्या गोल तबकडीच्या तापमापकाला तळाच्या त्या जागेची खबर नसते.

भुशाचा जाड थर दिला की धोका टळला, हेही खरे नव्हे. त्याने उष्णता खालीच कोंडते आणि साप उकरत उकरत नेमका काचेपाशी पोचतो. पेटी टेबलावर सपाट न टेकवता लहान पायांवर उचललेली असावी, नाहीतर कोंडलेल्या उष्णतेने काच तडकण्याचा संभव असतो. लाकडी पेटीखाली मात्र मॅट व्यर्थ, कारण लाकूड ऊब वर जाऊ देत नाही. हवा तापवणे हेही मॅटचे काम नव्हे. खोलीच गारठलेली असेल तर निराळी तजवीज करावी लागते.

थर्मोस्टॅटचा खर्च ज्याला जड वाटत असेल, त्याने साप आणण्याचा बेत तूर्त तहकूब ठेवावा.