पाच डिसमिलचा उंबरठा

राजधानीत घरांचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा व्याजदर आणि अनुदानाभोवती फिरते. जमीन मात्र राज्यघटनेने राज्यांच्या हाती दिली आहे. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा संसदेने १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने तो २००७ पर्यंत कवटाळून ठेवला.

भिलाईतील मराठी कुटुंबांना या प्रश्नाची झळ निवृत्तीच्या वर्षी लागते. दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेली काही घरे वगळता पोलाद कारखान्याचे क्वार्टर नोकरीशी बांधलेले. नेहरू नगरसारख्या आखीव वसाहतीतील भूखंड भविष्य निर्वाह निधीच्या रकमेत बसणे कठीण. मग शहराच्या कडेला शेतजमिनीचा लहानसा तुकडा पाहिला जातो.

आणि नेमका तेथे कायदा आडवा येतो. छत्तीसगडमध्ये पाच डिसमिलहून लहान भूखंडांच्या नोंदणीवर रमणसिंह सरकारच्या काळात बंदी होती. भूपेश बघेल सरकारने ती २०१९ मध्ये उठवली. जुलै २०२५ मध्ये विधानसभेने भू-राजस्व संहितेत दुरुस्ती करून शेतजमिनीपुरती ती पुन्हा आणली. पाच डिसमिल म्हणजे २,१७८ चौरस फूट. आपल्याकडच्या हिशेबाने बरोबर दोन गुंठे. गंमत अशी, की त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी नागरी भागात एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. दोन्ही राज्यांत सत्ता भाजपच्या नेतृत्वाखालीच, तेव्हा याचा उगम पक्षीय धोरणात शोधण्यात अर्थ नाही.

बंदीमागील कारण खोटे नाही. रस्ता नाही, गटार नाही, अशा अवैध प्लॉटिंगचा भार अखेर महापालिकेवरच पडतो. परंतु क्षेत्रफळाची अट म्हणजे नगररचना नव्हे. हजार चौरस फुटांची ऐपत असलेला माणूस दोन हजारांचा भूखंड घेत नाही. तो मुद्रांक कागदावर व्यवहार उरकतो. त्या कागदावर बँक कर्ज देत नाही आणि नकाशाही मंजूर होत नाही. पुढे हीच बांधकामे दंड भरून नियमित करायची, यासाठी राज्यात २००२ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०२२ मध्ये त्यातही दुरुस्ती झाली. म्हणजे आधी मनाई, मग डोळेझाक, शेवटी दंडाची पावती!

लहान भूखंडांचे मंजूर अभिन्यास शहरालगत पुरेशा संख्येने आले असते, तर या बंदीला काही अर्थ होता. ते काम नगर व ग्रामनिवेश विभागाचे, आणि विधेयकात त्याची मुदत कोठेही घातलेली नाही.