टेक्स्चर म्हणजे चिकटवलेला फोटो नव्हे

गेमसाठी टेक्स्चर करायला शिकणाऱ्या मुलांकडून एक वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की आता त्याची चीड येते. "त्यात काय, चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि मॉडेलवर चिकटवायचा." दोष एकट्या मुलांचा नाही. मॉडेलिंग आणि अ‍ॅनिमेशन मन लावून शिकवणारे वर्गसुद्धा टेक्स्चरचा भाग उरलेल्या वेळात उरकून टाकतात. मग विद्यार्थी सुंदर मॉडेल तयार करतो, त्यावर भिंतीचा किंवा लाकडाचा फोटो चढवतो, आणि ते खोटं का दिसतंय हे त्याला उमगत नाही. त्यावर तो आणखी महागडा कॅमेरा शोधू लागतो.

ही समजूत आली कुठून, तेही सांगायला हवं. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात संगणकातल्या वक्र पृष्ठभागावर चित्र बसवण्याची रीत मांडली. तिथून टेक्स्चर मॅपिंग सुरू झालं. पुढे कितीतरी वर्षं गेममधलं टेक्स्चर हे खरोखरच एक चित्र असे. सावली, चकाकी, कडांवरचा उजेड, सगळं त्यातच रंगवून ठेवलेलं, कारण प्रकाशाचा हिशेब तेव्हाच्या यंत्रांना झेपत नव्हता. आजची इंजिनं तो हिशेब दर फ्रेमला स्वतः करतात. त्यामुळे चित्रात आधीच भरून ठेवलेला प्रकाश आता अडचण होतो.

कसा, ते एका वस्तूवर पाहू. घासून लखलखीत केलेला पितळेचा तांब्या खिडकीजवळ ठेवा आणि त्याचा फोटो काढा. फोटोत काय उतरतं? तांब्याच्या पोटावर खिडकीची वाकडी पांढरी पट्टी, तिच्या बाजूला खोलीचा काळपट अंधार, खालच्या भागात फरशीचा उजेड आणि मधोमध मोबाइल धरून उभे असलेले तुम्ही. म्हणजे फोटो मुख्यतः खोलीचा आला. आता तो मॉडेलवर बसवा आणि तांब्या गोल फिरवा. खिडकीची पट्टी त्याच्याबरोबर फिरते. गेममध्ये रात्र झाली तरी पट्टी दुपारचीच. समोर मशाल पेटवली तर मशालीची चकाकी वेगळी पडते आणि ती जुनी पट्टीही तशीच राहते. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे डोळा लगेच ओळखतो.

इंजिनाला हवी असते ती पृष्ठभागाची माहिती, आणि तीही सुटी सुटी करून. बेस कलर म्हणजे प्रकाशाचा खेळ वगळून उरणारा रंग. मेटॅलिक म्हणजे तिथे धातू आहे की नाही. रफनेस म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत किंवा किती खरखरीत. नॉर्मल मॅप म्हणजे बारीक चढउतारांची दिशा. आपल्या तांब्याचा बेस कलर जवळजवळ सपाट पिवळा असेल आणि मेटॅलिक सगळीकडे पांढरा. त्याचं आयुष्य दिसणार ते रफनेसमध्ये. गळ्यापाशी रोज हात लागून आलेला गुळगुळीतपणा, चिंच लावून काथ्याने घासल्याच्या गोल गोल बारीक रेघा, फरशीवर टेकून टेकून खरखरीत झालेली बुडाची कड. गळा आणि पोट जुळतात त्या खाचेत बोट पोचत नाही, तिथे हिरवट कळंक धरतो. कळंक धातू नाही, म्हणून तेवढ्या जागी मेटॅलिक काळा करायचा. यातली एकही गोष्ट त्या फोटोतून सरळ उचलता येत नाही. ती बघून, समजून, वेगळी काढावी लागते.

हे कुणा एकाचं मत नाही. डिस्ने स्टुडिओच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ च्या सिग्राफ परिषदेत भौतिकीला धरून चालणाऱ्या मटेरियलची आपली पद्धत मांडली. २०१३ मध्ये एपिक गेम्सच्या ब्रायन कॅरिस यांनी तिच्या आधारे अनरिअल इंजिन ४ साठी बेस कलर, मेटॅलिक, रफनेस ही मांडणी कशी केली ते सांगितलं. आज बहुतेक इंजिनं याच किंवा याच्या जवळच्या रीतीने चालतात. अनरिअलच्या माहितीपुस्तिकेत बेस कलरची तीव्रता आकड्यांत दिलेली आहे. कोळसा ०.०२, हिरवं गवत ०.२१, ताजं बर्फ ०.८१. म्हणजे कोळसासुद्धा पूर्ण काळा नाही आणि बर्फसुद्धा पूर्ण पांढरं नाही.

आता कोकणातल्या जांभ्याच्या गडग्याचा भर उन्हातला फोटो घ्या. दगडाच्या भोकांमधली सावली त्यात कोळशाहूनही काळी उतरते. इंजिनाला ती दगडाचा रंग वाटते. भोकासमोर दिवा धरा, आत उजेड शिरतच नाही. शिवाय पावसात भिजलेला जांभा गडद होतो आणि चमकतोही. म्हणजे बेस कलर खाली येतो आणि त्याबरोबर रफनेसही. ओल्या पृष्ठभागांचं हे वागणं सेबास्तियां लगार्द यांनी २०१३ मध्ये तपशिलात लिहून ठेवलंय. कोरड्या भिंतीचा फोटो नुसता काळसर करून ती ओली दिसत नाही, मळकी दिसते.

एवढं सांगितलं की हमखास प्रश्न येतो, मग फोटोग्रामेट्री काय आहे? 'द व्हॅनिशिंग ऑफ इथन कार्टर' (२०१४) आणि 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट' (२०१५) या गेममध्ये खऱ्या वस्तूंचे असंख्य फोटो काढून मॉडेल आणि टेक्स्चर घडवले, हे खरंच आहे. पण या पद्धतीत फोटो शक्यतो ढगाळ, सावली न पडणाऱ्या उजेडात काढतात, रंगांच्या प्रमाण-पट्टीशी ताडून पाहतात, आणि उरलासुरला प्रकाश नंतर पुसून काढतात. या पुसण्याला डीलायटिंग म्हणतात. युनिटीने २०१७ मध्ये त्यासाठी खास साधन उपलब्ध करून दिलं. फोटो जसाच्या तसा चालला असता तर हा खटाटोप कुणी कशाला केला असता?

याच गैरसमजाचं एक पिल्लूही आहे, आणि ते जास्त त्रास देतं. "रंगीत फोटो कृष्णधवल केला की झाला रफनेस मॅप." काळ्यापांढऱ्या चौकटींची, सारखीच पॉलिश केलेली फरशी डोळ्यांसमोर आणा. ही युक्ती वापरली तर काळ्या चौकटी आरशासारख्या चमकतील आणि पांढऱ्या खडूसारख्या कोरड्या दिसतील. रंग किती गडद, याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत याच्याशी संबंध नाही. आणि रफनेस मॅप हाताने नीट रंगवला, तरी ब्लेंडरमध्ये त्याचं कलर स्पेस 'नॉन-कलर' करायला विसरू नका. नाहीतर इंजिन त्यातले आकडे रंग समजून बदलतं आणि केलेली मेहनत वाया जाते.

बाकीचे समज थोडक्यात. "४के टेक्स्चर म्हणजे उत्तम टेक्स्चर." ४०९६ बाय ४०९६ चा एक मॅप बीसी७ पद्धतीने आवळला तरी १६ एमबी घेतो, त्याचे मिपमॅप धरले तर सुमारे २१. एका मटेरियलला असे तीन मॅप लागले, की एका खुर्चीपायी साठहून जास्त एमबी गेले. आणि खुर्ची लांब असेल तर इंजिन तिची लहान आवृत्तीच वाचतं. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेले मिपमॅप त्याचसाठी असतात. वस्तू पडद्यावर किती मोठी दिसणार ते आधी ठरवा.

"नॉर्मल मॅपने खरा उंचवटा तयार होतो." नाही होत. १९७८ मध्ये जिम ब्लिन यांनी दाखवलेल्या बम्प मॅपिंगचीच ही पुढची पायरी आहे. उजेड फसतो, बाह्यरेषा सपाटच राहते. ब्लेंडरमधला मॅप अनरिअलमध्ये नेल्यावर उंचवटे खड्ड्यांसारखे दिसले, तर हिरवा चॅनल उलटा करा. दोघांचे संकेत वेगळे आहेत.

"महागडं सॉफ्टवेअर हवंच." ब्लेंडर, क्रिता, मटेरियल मेकर फुकट आहेत. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी इथली मटेरियल सीसी० परवान्याखाली मोफत मिळतात. ती वापरायच्या आधी उघडून त्यांचा एकेक मॅप बघा, शिकवणी तिथेच आहे.

"हाताने रंगवलेली टेक्स्चर आता कालबाह्य झाली." मुळीच नाही. व्हॉल्व्हने 'डोटा २' साठी प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका पात्राचा वरचा भाग उजळ आणि पायांकडचा गडद रंगवायला सांगते, म्हणजे वरून पाहणाऱ्या खेळाडूला पात्र चटकन ओळखू येतं. इथे प्रकाश चित्रात मुद्दाम भरलेला आहे. तो कुठे, किती आणि कशासाठी भरायचा हे चित्रकाराने ठरवलंय. फोटोत तो नकळत येऊन बसतो, फरक तेवढाच आहे. एआयकडून काढून घेतलेल्या भिंतीच्या चित्रातही तो असाच येऊन बसतो, तेव्हा त्यालाही वरचे सगळे आक्षेप लागू आहेत.

सरावाला सुरुवात करायची असेल तर घरातला एक जुना स्टीलचा डबा घ्या. त्याचं साधं मॉडेल करा, बेस कलर एकच सपाट राखाडी ठेवा, मेटॅलिक पूर्ण पांढरा. मग फक्त रफनेस रंगवा. झाकणाच्या कडेचे ओरखडे, बोटांचे तेलकट ठसे, तळाचा घासलेला भाग. पॉली हेवनवरून तीन वेगवेगळ्या उजेडांचे एचडीआरआय घ्या, त्यात डबा फिरवून पाहा, आणि तिन्ही उजेडांत तो तुमच्याच स्वयंपाकघरातला डबा वाटेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही मॅपला हात लावू नका.