स्वप्रतिरक्षित जठरशोथ : उंदरांवरील प्रयोगांतून उलगडलेली रोगोत्पत्ती

प्रस्तावना :
डॉ. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यात लाल रक्तपेशी आकाराने मोठ्या होत. यीस्टच्या अर्काने तो बरा होई. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावीही रक्ताचे चित्र असेच दिसते. आपल्याकडे या अभावाचे कारण सहसा शाकाहारात शोधले जाते. तथापि काही रुग्णांत शरीराची प्रतिकारसंस्थाच स्वतःच्या जठरावर हल्ला करते. हा रोग कसा उद्भवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोगाची उत्पत्ती :
बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पिलांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढल्यास पुढे त्यांपैकी अनेकांना जठरशोथ होतो. सातव्या दिवसानंतर काढल्यास सहसा होत नाही. जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींमध्ये प्रोटॉन पंप नावाचे प्रथिन असते. सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी यालाच परके समजतात. परिणामी आम्लपेशी नष्ट होतात व आम्लनिर्मिती घटते. रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडेही आढळतात. मात्र हानीचे मुख्य कारण टी-पेशी होत.

नियामक पेशींचे कार्य :
तीन दिवसांचेच महत्त्व का? हल्ला करू शकणाऱ्या टी-पेशी थायमसमधून आधी बाहेर पडतात. त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी काहीशा उशिरा. निरोगी उंदराच्या नियामक पेशी वेळीच दिल्यास रोग टळतो. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवली. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना अन्य दोन शास्त्रज्ञांसह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा :
ब-१२ च्या शोषणास आवश्यक असणारा आंतरिक घटक मानवात आम्लपेशी स्रवतात, तर उंदरांत मुख्यतः पाचकरस स्रवणाऱ्या पेशी. त्यामुळे उंदरावरील प्रत्येक निष्कर्ष मानवास जसाच्या तसा लागू होत नाही.

समारोप :
स्वतःच्या अवयवांविरुद्ध वळू शकणाऱ्या पेशी निरोगी शरीरातही असतात. त्यांच्यावरील नियंत्रण सुटले की रोग उद्भवतो, हे या प्रयोगांतून स्पष्ट होते. म्हणून ब-१२ चा अभाव आढळल्यास केवळ आहाराकडे बोट दाखवून थांबू नये. जठराचा दोष असल्यास आहार सुधारूनही अभाव भरून निघत नाही आणि उपचारास विलंब झाल्यास मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते.