माणसे चालली, भाषा पसरली

‘बांटू’ हा शब्द आपल्याकडे अनेकांनी शाळेच्या भूगोलात कधीतरी वाचलेला असतो आणि कुठल्याशा आफ्रिकी टोळीचे नाव समजून सोडून दिलेला असतो. वस्तुतः ते टोळीचे नाव नव्हे. स्वाहिलीत एक माणूस ‘म्टू’, तर अनेक माणसे ‘वाटू’. झुलूत ‘उमुन्टू’ आणि ‘अबान्टू’. दूरदूरच्या भाषांतले हे साम्य पाहून विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भाषाकुळाला ‘बांटू’ म्हटले. अर्थ साधाच : माणसे.

आज या कुळात सुमारे ५०० भाषा आहेत आणि त्या बोलणारे ३० कोटींहून अधिक आहेत. हे सारे निघाले नायजेरिया-कॅमेरून सीमेवरच्या डोंगराळ मुलखातून, चार-पाच हजार वर्षांपूर्वी.

ते का निघाले? या प्रवासाला ना राजा होता, ना सेनापती. कंद लावावेत, पामतेलाची झाडे राखावीत, रान तोडून-जाळून पेरणी करावी, असा त्यांचा संसार. जमिनीचा कस उतरला की शेजारचे रान धरायचे. भावकी वाढली की धाकट्याने वेगळी चूल मांडायची, पुढच्या ओढ्याकाठी नवे गाव वसवायचे. पुढे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हवा कोरडी झाली, घनदाट वर्षावनात गवताळ पट्टे पडले आणि दक्षिणेची वाट सोपी झाली. दक्षिण आफ्रिकेपर्यंतचे सरळ रेषेतले चार हजारांहून अधिक किलोमीटर कापायला अडीच-तीन हजार वर्षे लागली. सरासरी वर्षाला दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही! बहुतेकांना आपण स्थलांतर करीत आहोत याचा पत्ताही नसावा.

लोखंडाच्या जोरावर त्यांनी खंड जिंकला, असे पूर्वी सांगितले जाई. पण निघताना त्यांच्याजवळ लोखंड नव्हते. ते पुढे आले. इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात त्यांच्या लोखंडाच्या भट्ट्या पेटत होत्या. पूर्वेकडच्या इतर समाजांकडून त्यांनी गाई-गुरे घेतली, ज्वारी-बाजरीची शेती उचलली. आपल्या भाकरीच्या या दोन्ही धान्यांचे माहेर आफ्रिकाच. उलट केळ आशियातून तिकडे गेली आणि तिथले मुख्य अन्न झाली.

देवघेव शब्दांतही झाली. खोसा आणि झुलू भाषांतले जिभेने ‘टक्’ करून काढायचे उच्चार मूळच्या खोइसान लोकांचे. किनाऱ्यावरच्या स्वाहिलीने अरबी शब्द घेतले, आपली ‘गाडी’सुद्धा ‘गारी’ म्हणून घेतली. व्याकरण मात्र बांटूच राहिले. शोना लोकांच्या पूर्वजांनी ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती चुन्याशिवाय रचल्या. गुलाम म्हणून इकडे आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांचा, गुजरातेतल्या सिद्दींचा, ‘गोमा’ नाच आजही ‘न्गोमा’ म्हणजे ढोल या बांटू शब्दाची आठवण ठेवून आहे.

हा हिशेब सगळाच जमेचा नाही. मलावीसारख्या प्रदेशात मूळच्या शिकारी समाजाचा आनुवंशिक माग आजच्या रहिवाशांत जवळजवळ उरलेला नाही. कुणाचे शेत वाढले, तेव्हा कुणाचे रान गेले.

पण या इतिहासाचा सर्वांत वाईट वापर विसाव्या शतकात झाला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीत मुलांना शिकवले जाई, की गोरे १६५२ मध्ये केपला उतरले त्याच सुमारास बांटू लोक उत्तरेकडून आले. मधला देश ओसाड होता, तेव्हा जमिनीवर दोघांचा हक्क सारखाच! उत्खननाने हे खोटे ठरवले. लिंपोपो नदीच्या दक्षिणेस तिसऱ्या-चौथ्या शतकापासून त्यांची शेतकरी गावे होती. लायडनबर्गला सापडलेली मातीची शिरे सुमारे इसवी सन ५०० ची आहेत. आणि खुद्द केपही ओसाड नव्हते. तिथे खोइखोई आपली गुरे चारीत होते.

त्याच राजवटीने १९५३ मध्ये ‘बांटू शिक्षण कायदा’ करून काळ्या मुलांना मुद्दाम हलक्या प्रतीचे शिक्षण दिले. म्हणून त्या देशात कुणाला ‘बांटू’ म्हटलेले आजही खपत नाही. तो शब्द भाषाशास्त्रापुरताच राहिला आहे. ज्याचा अर्थ ‘माणसे’, तोच शब्द माणसाला कमी लेखण्यासाठी वापरला गेला. कोण आधी आले आणि कोण नंतर, हा वाद आपल्याकडेही अधूनमधून तापतो. तेव्हा वर्षाला दोन किलोमीटरही न सरकणाऱ्या त्या कुटुंबांची आठवण ठेवावी. त्यांच्यातला कोणीही देश जिंकायला निघाला नव्हता. पुढच्या हंगामाला पेरायला जमीन हवी, एवढेच त्याच्या मनात होते.