मॅकग्रेगर: ग्लेन फ्रुइन ते थाळनेर

साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी बसून मराठ्यांची कागदपत्रं गोळा करणारा ग्रँट डफ त्या वेळी ग्रँट डफ नव्हताच. तो नुसता जेम्स ग्रँट. मायदेशी परतल्यावर १८२५च्या सुमारास ईडनची इस्टेट त्याच्याकडे आली आणि तिच्यासोबत ‘डफ’ आलं. पुढे १८५०मध्ये बायकोला तिच्या आजोळची इस्टेट मिळाली, तेव्हा या गृहस्थांनी ‘कनिंगहॅम’ही जोडून घेतलं. स्कॉटलंडात आडनाव जमिनीला चिकटून येतं, वाढतं, क्वचित गळूनही पडतं. ग्रँट डफच्या या जोडकामामुळे मला स्कॉटिश आडनावांचा नाद लागला आणि नादाच्या भरात मी जिथे येऊन अडकलो ते आडनाव म्हणजे मॅकग्रेगर. या लोकांची आधी जमीन गेली. मग सरकारने आडनावही जप्त केलं.

मूळपुरुषाच्या भानगडीत मी फार शिरत नाही. कुळाचं ब्रीदवाक्य म्हणतं, आमचं रक्त राजाचं. नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिनपर्यंत वंशावळ नेऊन भिडवणारे भाट त्यांच्याकडेही होते, जसे सगळ्यांकडे असतात. भरवशाने बोलायचं तर चौदाव्या शतकातला ग्रेगर आणि त्याचा एकाक्ष मुलगा इयन, इथून धागा हाती लागतो. ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन ही पश्चिमेकडची डोंगरखोरी त्यांची. पण कसणं यांचं आणि सनदा कॅम्बेलांच्या नावावर. दीडदोनशे वर्षांत मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात कुळं होऊन बसले.

मॅकग्रेगर आणि कॅम्बेल ही दोन कुळं जन्मापासूनची वैरी होती असं मात्र नाही. फोर्टिंगलच्या जेम्स मॅकग्रेगर नावाच्या धर्मगुरूने १५१२ ते १५४२ या काळात गेलिक कवितांचं एक बाड लिहून काढलं. तो लिझमोरचा डीन असल्यामुळे ते बाड त्याच नावाने ओळखलं जातं. आज ते एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात मॅकग्रेगर सरदारांची स्तुती तर आहेच, पण ग्लेनऑर्कीच्या डंकन कॅम्बेलच्या कविताही आहेत, आणि त्या चांगल्या चावट आहेत. एका मॅकग्रेगर पाद्र्याने एका कॅम्बेल सरदाराचा वात्रटपणा जपून ठेवला म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

बिघडलं ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगर रुआला ७ एप्रिल १५७० रोजी ग्लेनऑर्कीच्या कॉलिन कॅम्बेलने शिरच्छेदाची शिक्षा दिली. ग्रेगरची बायको मॅरिअन स्वतः कॅम्बेलांची लेक. तिच्या नावावर असलेलं ‘ग्रिओगल क्रिये’ हे गाणं आजही गायलं जातं. ते अंगाईही आहे आणि विलापही. बापामागे राहिलेली दोन मुलं पुढे कुळाचे म्होरके झाली. थोरला अॅलस्टर, धाकटा काळा इयन.

या अॅलस्टरपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, कारण त्याचा एक कागद उरला आहे.

७ फेब्रुवारी १६०३ या दिवशी लॉख लोमंडजवळच्या ग्लेन फ्रुइन खोऱ्यात अॅलस्टरच्या माणसांनी लसच्या कहून घराण्याची फौज कापून काढली. शंभराहून अधिक मेले. काळा इयनही तिथेच पडला. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी गुरं पळवण्यावरून तंटा झाला होता, आणि परंपरा सांगते की कहूनांच्या बायका मेलेल्यांचे रक्ताळलेले सदरे काठ्यांवर चढवून राजा सहाव्या जेम्सपुढे स्टर्लिंगला गेल्या. राजाला रक्त बघवत नसे. सदऱ्यांचा आकडा मेलेल्यांपेक्षा फारच मोठा सांगितला जातो, त्यामुळे काही रक्त मेंढ्यांचं असावं असा मला दाट संशय आहे. तंटा सरकारदरबारी कसा रंगवायचा हे कहूनांना नीट ठाऊक होतं, मॅकग्रेगरांना नव्हतं.

२४ मार्चला इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली. जेम्स आता दोन्ही देशांचा राजा. ५ एप्रिलला तो लंडनला निघाला आणि निघण्याच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ रोजी, प्रिव्ही कौन्सिलने ठराव केला: मॅकग्रेगर हे आडनाव रद्द. ज्यांचं ते असेल त्यांनी दुसरं घ्यावं, नाहीतर देहदंड. परगावी निघालेला माणूस घरातली कामं भराभरा उरकतो, तशी ही एक जमात उरकली गेली.

अॅलस्टरला पकडायची जबाबदारी आर्गाइलच्या सातव्या अर्लवर, म्हणजे पुन्हा एका कॅम्बेलवर आली. आधी आर्डकिंगलसच्या कॅम्बेलने त्याला दगा देऊन धरलं, पण नावेतून नेताना गडी सरोवरात उडी टाकून निसटला. मग आर्गाइलने शब्द दिला: स्वाधीन हो, तुला सुखरूप स्कॉटलंडबाहेर पोचवतो. अॅलस्टर आला. १६०४च्या जानेवारीत पहाऱ्यासह त्याला दक्षिणेला नेलं, सरहद्द ओलांडून बेरिकला त्याचे पाय इंग्लंडच्या भुईला लावले आणि तिथूनच वळवून एडिंबराला परत आणलं. शब्द अक्षरशः पाळला गेला. एडिंबराचा रोजनिशीकार रॉबर्ट बिरेल याने ही हकीकत खवचटपणे नोंदवली आहे. २० जानेवारीला खटला आणि त्याच दिवशी फाशी. सोबत त्याचे भाऊबंदही होते. बिरेल सांगतो की म्होरक्या म्हणून अॅलस्टरला इतरांपेक्षा पुरुषभर उंच टांगलं. दर्जाचा मान फासावरसुद्धा राखण्याची ही हौस.

मरण्यापूर्वी अॅलस्टरने जबानी दिली. रॉबर्ट पिटकेर्नने जुने फौजदारी खटले छापले, त्यात ती आहे. तिचं सार असं: लसवर चालून जायला मला आर्गाइलनेच फूस दिली, शेजाऱ्यांवर तोच मला सोडत होता, आणि आता तोच माझा गळा कापतो आहे. गुन्हेगार मरताना दुसऱ्यावर ढकलतो हे खरं. पण आर्गाइल राजाचा प्रतिनिधी म्हणून या मॅकग्रेगरांवर अंमल ठेवायला नेमलेला होता. त्यांना आसरा देणाऱ्यांच्या दंडात त्याचा हिस्सा असे. दंगे जितके जास्त तितकी त्याची गरज जास्त. मला अॅलस्टरचा शब्द पटतो.

पुढचा तपशील किळस आणणारा आहे. १६११च्या हुकुमानुसार जो मॅकग्रेगर आपल्याच बरोबरीच्या दुसऱ्या मॅकग्रेगरचं मुंडकं आणील त्याला माफी, आणि त्याने नवं आडनाव लावून सुखाने राहावं. बायकांच्या तोंडावर किल्लीचा डाग द्यावा असाही हुकूम निघाला. १६१३मध्ये चारांहून जास्त जणांनी जमायला बंदी घातली. मांस कापायची बोथट सुरी सोडून हत्यार बाळगायचं नाही. १६१७मध्ये पार्लमेंटने त्यावर शिक्का मारला आणि १६३३मध्ये पाद्र्यांना बजावण्यात आलं की कुणाही पोराचं नाव ग्रेगर ठेवू नका. गंमत अशी की ही सगळी अंमलबजावणी कारकुनांनी करायची होती. अमुक इसम, पूर्वीचा मॅकग्रेगर, हल्ली स्ट्युअर्ट, जामीन अमुक तमुक, अशा नोंदी कौन्सिलच्या दप्तरात ओळीने आहेत. ज्या नावाचा उच्चार गुन्हा होता ते सगळ्यात जास्त वेळा सरकारनेच लिहून ठेवलं.

लोक मरे झाले, ड्रमंड झाले, ग्रँट, ग्रॅहम, स्ट्युअर्ट झाले. काही तर कॅम्बेलच झाले. दुसऱ्या चार्ल्सने १६६१मध्ये बंदी उठवली, तिसऱ्या विल्यमने १६९३मध्ये पुन्हा लादली. रॉब रॉय (१६७१ ते १७३४) याच तडाख्यात सापडला आणि आईचं कॅम्बेल आडनाव वापरू लागला. त्याच्या पराक्रमांबद्दल मी लिहीत नाही, वॉल्टर स्कॉटने ते काम करून ठेवलं आहे. मात्र त्या कादंबरीला स्कॉटने मागाहून जोडलेल्या प्रस्तावनेतला एक किस्सा कादंबरीहून सरस आहे. अॅबर्डीनला ग्रेगरी नावाचं विद्वानांचं घराणं होतं; परावर्तक दुर्बिणीची कल्पना मांडणारा गणिती जेम्स ग्रेगरी याच घरातला. मॅकग्रेगरांशी ते आपलं नातं सांगत. १७१५च्या सुमारास रॉब रॉय वैद्यकाचे प्राध्यापक डॉ. ग्रेगरी यांच्या घरी उतरला, त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलावर खूश झाला आणि म्हणाला, पोराला पुस्तकांत का वाया घालवता, माझ्याबरोबर डोंगरात द्या, मर्द करतो. प्राध्यापकांना नाही म्हणायची भीती आणि हो म्हणायची त्याहून जास्त! प्रकृतीची सबब सांगून त्यांनी वेळ मारून नेली. मुलगा पुढे प्राध्यापकच झाला.

अखेर १७७४-७५च्या अधिवेशनात ब्रिटिश पार्लमेंटने बंदी कायमची रद्द केली. नाव मोकळं झालं, पण ते लावणारा नायक कुठे होता? अॅलस्टरची ग्लेनस्ट्रे शाखा केव्हाच विझली होती. भाऊबंदकी सुरू झाली. ग्लेनगाइल शाखेचा दावा होता, इतरांचाही होता. शेवटी ८२६ जणांनी सह्या केलेल्या कागदाने लॅनरिकच्या जॉन मरेला प्रमुख मानण्यात आलं. हा जॉन मरे, जन्म १७४५, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात मोठ्या हुद्द्यावर चढलेला. १७९५मध्ये तो बॅरोनेट झाला. वंशावळ त्याच्याजवळ होतीच, पण माझं मत विचाराल तर बंगालच्या पैशाशिवाय त्या सह्या जमल्या नसत्या. ज्या राजसत्तेने नाव पुसलं तिच्याच नोकरीत, दुसऱ्यांच्या मुलखात तलवार गाजवून ते परत मिळवायचं, हा मॅकग्रेगरांनी काढलेला मार्ग. न्याय वगैरे शब्द मी इथे वापरणार नाही.

१८२२ हे त्यांचं भरभराटीचं साल. जॉन मरे वारला, मुलगा सर इव्हन गादीवर आला आणि शाही परवान्याने घराण्याने मॅकग्रेगर हे आडनाव पुन्हा रीतसर लावलं. त्याच साली ग्रेगर मॅकग्रेगर नावाचा दुसरा एक महाभाग लंडनमध्ये मध्य अमेरिकेतल्या ‘पोयाइस’ या देशाचे रोखे आणि जमिनी विकत होता. देश अस्तित्वातच नव्हता. दोन जहाजं भरून माणसं गेली, जंगलात उतरली आणि बहुतेक तापाने मेली. पण ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा लोकांचे डोळे होते सर इव्हनवर. स्कॉटलंडचा राजमुकुट किल्ल्यातून होलिरूड राजवाड्यात नेताना पहाऱ्याचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. मेजवानीत सर इव्हनने राजाला सर्व कुळप्रमुखांचा प्रमुख म्हणत त्याच्यासाठी प्याला उंचावला. या सोहळ्याचा सूत्रधार वॉल्टर स्कॉट. हा मुकुट एका पेटीत विसरला गेला होता आणि ती पेटी फेब्रुवारी १८१८मध्ये स्कॉटनेच उघडवली होती. ‘रॉब रॉय’ त्याआधी थोडेच दिवस बाजारात आलेली.

त्याच फेब्रुवारीत इव्हन होता आपल्या खानदेशात, तापीकाठी.

महिदपूरची लढाई होळकर हरले, मंदसौरच्या तहात (६ जानेवारी १८१८) खानदेशातले किल्ले इंग्रजांना गेले. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप ताबा घेत दक्षिणेला येत असताना २७ फेब्रुवारीला थाळनेरपाशी किल्ल्यातून गोळ्या आल्या. थाळनेर म्हणजे फारूकी सुलतानांचं जुनं ठाणं. आत अरब शिबंदी, सगळी मिळून तीनेकशे माणसं. हिस्लॉपने किल्लेदाराला कळवलं की तह झाला आहे, आता लढलास तर बंडखोर ठरशील. तोफा चालल्या. एकामागून एक असलेल्या दरवाजांपैकी पुढचे हाती आले. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाज्याची दिंडी उघडली तसे लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, म्हणजे आपला इव्हन, मेजर गॉर्डन, रॉयल स्कॉट्सचा कॅप्टन मॅकग्रेगर आणि दहाबारा शिपाई आत शिरले. आतल्या अरबांशी बोलणं सुरू झालं, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. कुणीतरी बंदुकीला हात घातला असेल. क्षणात अरब तुटून पडले. गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. इव्हन अनेक जखमा होऊन कसाबसा वाचला. बाहेरचं सैन्य आत घुसलं आणि शिबंदीची कत्तल झाली.

एकाच दिंडीत दोन मॅकग्रेगर. एक ते नाव उघड लावून मेला, दुसऱ्याच्या नावामागे अजून उसनं मरे होतं. चार वर्षांनी मुकुटासमोर चालताना त्याच्या अंगावर थाळनेरचे व्रण होते आणि त्याच्या मानात या व्रणांचा वाटा मोठा होता. पुढे तो वेस्ट इंडीजमध्ये गव्हर्नर झाला आणि १८४१मध्ये बार्बाडोसला वारला.

किल्लेदाराला हिस्लॉपने त्याच संध्याकाळी फासावर चढवलं. आतल्या हल्ल्याच्या वेळी तो इंग्रजांच्या ताब्यात होता, त्यामुळे त्या रक्तपाताचा दोष त्याच्या माथी कसा मारला याचं उत्तर हिस्लॉपच्या खलित्यात नाही. तिथे आहे ते एवढंच, की धन्याने तह केल्यावर लढणारा तो बंडखोर. हे इंग्लंडातही खटकलं. मार्च १८१९मध्ये पार्लमेंटने मराठ्यांवरच्या विजयाबद्दल सैन्याचे आभार मानले, तेव्हा थाळनेरच्या फाशीला ही संमती समजू नये अशी पुस्ती जोडावी लागली. हिस्लॉपची बॅरोनेटकी शाबूत राहिली. अॅलस्टर मॅकग्रेगरही शब्दावर विसंबून स्वाधीन झाला आणि टांगला गेला, पण त्याला निदान एका दिवसाचा खटला मिळाला, आणि आर्गाइलचं नाव घेऊन बोलायला एक कागद. थाळनेरच्या किल्लेदाराची जबानी कुणी लिहून घेतली नाही.