तलावातले पाणी आणि धरणातले पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत चेंबूरमधील अनेक मुले आधी महापालिकेच्या जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलावासारख्या ठिकाणी पोहण्याच्या वर्गाला जातात, आणि त्यानंतर त्यांतील काही पवना धरणाच्या किंवा कोकणातील एखाद्या खाडीच्या काठी भरणाऱ्या निवासी शिबिरात होडी वल्हवण्यासाठी, कयाक म्हणजे एकट्यादुकट्याने चालवायची अरुंद होडी चालवण्यासाठी आणि पाण्यात डुंबण्यासाठी दाखल होतात. तलावात पोहता आले म्हणजे मूल कोणत्याही पाण्यात सुरक्षित झाले, असे गृहीत धरूनच ही पाठवणी होते आणि या विषयातील सर्वांत घातक गैरसमज हाच आहे.

तलावाचा तळ दिसतो, खोली आकड्यांत लिहिलेली असते, पाण्याला ओढ नसते आणि दमलेल्या मुलाला काही हातांवर कठडा मिळतो. मोकळ्या पाण्यात, म्हणजे नदी, धरण, खाडी वा समुद्रात, यांपैकी एकही आधार नसतो. मे महिन्यात धरणाची पातळी खाली गेलेली असते, उघड्या पडलेल्या उतारावर गाळ साचलेला असतो आणि गुडघाभर पाण्यातून पुढे टाकलेले पाऊल एकदम पुरुषभर खोलीत जाऊ शकते. जुन्या शेतांचे बांध आणि झाडांचे बुंधे गढूळ पाण्याखाली दडलेले असतात, वरचा थर उन्हाने कोमट असला तरी खालचा थंड लागतो. समुद्रावर भरती-ओहोटी आणि किनाऱ्यापासून आत खेचणारे प्रवाह यांची भर पडते. मुरूडच्या किनाऱ्यावर 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या 14 विद्यार्थ्यांना जलसमाधी मिळाली, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

समुद्राने वेढलेल्या मुंबईतील मुले पाण्याला सरावलेली असतात, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. चेंबूरला माहुलची खाडी जवळ असली तरी तिचा काठ खारफुटीचा आणि चिखलाचा आहे. तेथे रोहित पक्षी उतरतात, मुले उतरत नाहीत.

मुलाला पाण्यात ढकलून दिले की ते आपोआप शिकते, असे सांगताना गावाकडच्या विहिरीचा दाखला दिला जातो, पण तो अर्धाच असतो. विहिरीत शिकवणारा मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत असे, कमरेला दोर लावत असे आणि पट्टीचा पोहणारा कोणीतरी शेजारी पाण्यात असे. त्या पद्धतीतील शहाणपण ढकलण्यात नव्हते, दोरात होते.

त्या भोपळ्याची जागा आज जीवरक्षक जाकिटाने घेतली आहे. मात्र हवा भरलेले दंडावरचे फुगे किंवा कमरेची ट्यूब म्हणजे जाकीट नव्हे, कारण ती निसटतात, फुटतात आणि मुलाला उलटेही करू शकतात. जाकीट मापाचे आहे की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे: सर्व पट्टे आवळल्यावर मुलाला हात वर करायला सांगून खांद्यांवरील भाग धरून वर ओढावे, आणि जाकीट हनुवटीच्या वर, कानांपाशी सरकले तर ते मोठे आहे असे समजून बदलावे.

बुडणारे मूल हात हलवून ओरडेल, हा गैरसमज चित्रपटांनी पक्का केला आहे. अमेरिकी जीवरक्षक फ्रान्सेस्को पिया यांनी बुडणाऱ्यांच्या हालचालींचे निरीक्षण करून दाखवले की प्रत्यक्ष बुडणे बहुधा निःशब्द असते. तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असल्याने जेमतेम श्वास घेता येतो, मग हाक कुठून निघणार? डोके मागे कललेले असते, शरीर उभे राहते, पाय मारले जात नाहीत आणि हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबतात. हे सारे 20 ते 60 सेकंदांत संपू शकते, आणि काठावरून पाहणाऱ्याला मूल खेळत आहे असेच वाटते. म्हणून जीवरक्षक हजर असला तरी मुलांच्या जोड्या लावणे, ठरावीक वेळाने शिट्टी वाजवून त्या मोजणे आणि एका प्रौढाने मोबाइल बाजूला ठेवून केवळ पाण्याकडे पाहत राहणे, ही कामे शिबिराने टाळता कामा नयेत. जेवणानंतर पोहल्यास गोळे येऊन माणूस बुडतो, या समजुतीला मात्र ठोस पुरावा नाही.

मूल गटांगळ्या खाताना दिसताच सोबत्याने उडी घेणे शौर्याचे वाटते, पण घाबरलेले मूल वाचवणाऱ्यालाच मिठी मारून खाली नेते. दोर, बांबू, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाकणे अधिक उपयोगी ठरते. बाहेर काढल्यावर उलटे टांगून वा पोट दाबून पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात, शिवाय पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरू शकते. समाजमाध्यमांवर फिरणारा मिठाच्या ढिगात पुरण्याचा उपाय तर निव्वळ खोटा असून त्याच्या नादी लागून वेळ दवडणे क्रूर आहे. बुडालेल्याला मुख्यतः प्राणवायू हवा असतो. श्वास बंद असल्यास तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे त्याच जागी सुरू करावे, त्याच वेळी दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेले मूल हसू-बोलू लागले तरी फुप्फुसांना झालेली इजा काही तासांनी वाढू शकते, त्यामुळे त्याला तंबूत झोपवून न ठेवता रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवावे लागते.