फाइल-व्यवस्थेतील निरुपयोगी कार्यखंड

संगणकाची तबकडी म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान कप्प्यांची एक प्रचंड ओळ होय. कोणत्या फाइलीचा मजकूर कोणकोणत्या कप्प्यांत आहे, याची नोंद जी आज्ञावली सांभाळते तिला फाइल-व्यवस्था म्हणतात. लिनक्स प्रणालीतील एक्स्ट-४ ही अशीच एक फाइल-व्यवस्था असून तिच्या घडणीत आयबीएमच्या बंगळूर येथील लिनक्स तंत्रज्ञान केंद्रातील अभियंत्यांचाही वाटा होता. तिची मूळ संहिता वाचण्यास व सुधारण्यास सर्वांना मोकळीक आहे.

ही संहिता अनेक कार्यखंडांची बनलेली असते. त्यांनाच ‘फंक्शन’ असे म्हणतात. प्रत्येक खंडाकडे एक ठराविक काम असते व गरज पडताच दुसरे खंड त्याला नावाने हाक मारतात. पुढे कामाची रीत बदलते, हाक मारणारा खंड नव्याने लिहिला जातो, आणि जुना खंड मात्र तसाच पडून राहतो. संहिता वाचणाऱ्या प्रत्येक नवागताचा वेळ तो खातो. भोवतालची रचना बदलली की त्यालाही विनाकारण दुरुस्त करावे लागते.

असा खंड ओळखावा कसा? तो एकाच फाइलीपुरता मर्यादित असेल, तर संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर इशारा देऊ शकतो. परंतु कंपायलर सामान्यतः एका वेळी एकच फाइल पाहतो. सर्वत्र उपलब्ध असलेल्या खंडाविषयी त्याला काहीच सांगता येत नाही. तेथे सर्व संहितेत नावाचा शोध घ्यावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. काही खंडांचे पत्ते एका कोष्टकात नोंदलेले असतात व त्या कोष्टकामार्फतच त्यांना बोलावले जाते. काही खंड विशिष्ट पर्याय निवडला तरच कामास येतात. म्हणून निरनिराळे पर्याय निवडून संहिता पुनःपुन्हा बांधून पाहावी लागते व नंतर तिच्या चाचण्या घ्याव्या लागतात.

क्वचित उपयोगी पडणे आणि निरुपयोगी असणे यांत मोठे अंतर आहे. वीज अकस्मात गेल्यास, जर्नल नावाच्या रोजनिशीवरून पूर्ण नोंदलेले व्यवहार पुन्हा तबकडीवर उतरविणारा खंड एरवी स्वस्थ असतो. परंतु तो काढला तर लोकांचा मजकूरच धोक्यात येईल.

संपूर्ण फाइल-व्यवस्था वगळतानाही हाच विचार करावा लागतो. २०१५ साली लिनक्सच्या ४.३ या आवृत्तीतून एक्स्ट-३ची स्वतंत्र संहिता काढण्यात आली; एक्स्ट-४ची संहिता त्या तबकड्या हाताळू शकत असल्याने कोणाची अडचण झाली नाही. रायझर-एफएसला असा वारस नव्हता. म्हणून २०२२ साली तिच्या निवृत्तीची पूर्वसूचना देण्यात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१३ या आवृत्तीत ती वगळली गेली. दरम्यानच्या काळात आपला मजकूर दुसरीकडे हलविण्यास लोकांना अवसर मिळाला.

वगळलेली प्रत्येक ओळ ‘गिट’ या नोंदपद्धतीच्या इतिहासात जतन होते व हवी तेव्हा परत आणता येते. तबकडीवरील बिघडलेल्या मजकुराबाबत तशी खात्री देता येत नाही. त्यामुळे खंड काढण्यापूर्वी त्याला हाक मारणारा खरोखरच कोणी उरलेला नाही, हे सिद्ध करण्यातच या कामाचा बहुतेक वेळ जातो.